छंदातली वस्तू विकली, पण पोस्टेज किती? – वजन, शेकडेवारी आणि घनफळाचा एक व्यवहारी पाठ



आपल्या वर्गात एक-दोन मुलं तरी अशी असतातच, ज्यांच्या दप्तरात पुस्तकांसोबत एखादी जुनी वही असते. त्या वहीत टपाल तिकिटं, काडेपेट्यांची लेबलं, जुनी पोस्टकार्डं जपून लावलेली असतात. कुणाकडे छोट्या खेळण्यातल्या गाड्या असतात, कुणाकडे जुनी नाणी. पुण्या-मुंबईच्या मुलांना अशा छंदासाठी दुकानं आहेत, संग्राहकांच्या भेटी होतात, प्रदर्शनं भरतात. आपल्या रिसोडच्या मुलाचं काय? इथे तिकिटांचं दुकान नाही आणि रेल्वेही नाही. रेल्वे बघायची तर वाशीमला जावं लागतं. म्हणजे आपल्या मुलाचा छंद बाहेरच्या जगाशी जोडला जातो तो टपालानेच.

आता मोबाईलमुळे ऑनलाइन लिलावात घरबसल्या वस्तू विकता येते. पण एक अडचण हमखास येते. ४० रुपयांचं तिकीट विकलं जातं आणि ते पाठवायला ५५ रुपये लागतात! एकदा असं झालं की मूल हिरमुसतं. दोनदा झालं की वही कपाटात जाते आणि छंद संपतो. म्हणून स्वस्तात आणि सुखरूप वस्तू कशी पाठवायची, हे शिकणं आपल्या भागातल्या मुलाला जास्त गरजेचं आहे. त्यासाठी लागणारं सगळं गणित पाठ्यपुस्तकात आहेच. चला, पायरीपायरीने बघू.

ऑनलाइन लिलाव म्हणजे काय?

गावातला लिलाव आपल्याला माहीत आहे. बाजार समितीत सोयाबीनची बोली लागते, तसंच हे. विकणारा वस्तूचा फोटो टाकतो, सुरुवातीची किंमत सांगतो, बोली किती रुपयांनी वाढवायची ते सांगतो आणि बंद होण्याची वेळ देतो. त्या वेळेपर्यंत ज्याची बोली सर्वांत जास्त, त्याला वस्तू मिळते.

भारतात बाझी डॉट कॉम ही लिलावाची साइट २००० च्या सुमारास सुरू झाली. २००४ मध्ये ती ईबे या अमेरिकन कंपनीने विकत घेतली आणि ईबे इंडिया झाली. १४ ऑगस्ट २०१८ रोजी ईबे इंडिया बंद झाली. आता आपल्याकडचे बरेच छोटे संग्राहक फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरच्या गटांत लिलाव करतात. तिथे वस्तूखाली बहुतेक वेळा दोनच शब्द असतात, 'पोस्टेज एक्स्ट्रा'. सगळा घोळ याच दोन शब्दांत होतो. एक्स्ट्रा म्हणजे नक्की किती, हे आधी सांगितलेलं नसतं. मग बोली जिंकणारा ऐनवेळी मागे फिरतो, नाहीतर विकणाऱ्याला पदरचे पैसे घालावे लागतात.

म्हणून पहिला नियम मुलांकडून पाठच करून घ्या: आधी वजन, मग पोस्टेज, आणि शेवटी बोली.

पायरी १ : वजन करा, काटा नसला तरी

घरी डिजिटल वजनकाटा असेल तर उत्तम. नसेल तरी अडत नाही. ए-४ कागदाच्या रिमवर ८० जीएसएम किंवा ७५ जीएसएम असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ एक चौरस मीटर कागदाचं वजन ८० किंवा ७५ ग्रॅम. ए-४ आकाराचे १६ कागद मिळून साधारण एक चौरस मीटर होतो. मग एका कागदाचं वजन किती?

८० ÷ १६ = ५ ग्रॅम
७५ ÷ १६ = साधारण ४.७ ग्रॅम

म्हणजे ८० जीएसएमचे १० कागद बरोबर ५० ग्रॅमचे झाले. शाळेतल्या विज्ञानपेटीतला तराजू घ्या. एका पारड्यात तयार पाकीट ठेवा, दुसऱ्यात कागद घडी करून ठेवा आणि मोजा. मुलांना हे फार आवडतं, आणि जीएसएम म्हणजे काय तेही कळतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची. वजन नुसत्या वस्तूचं नाही, पाकीट, पुठ्ठा आणि चिकटपट्टी धरून करायचं. तिकिटाच्या बाबतीत तर वस्तू दोन ग्रॅमची आणि वेष्टन वीस ग्रॅमचं, असा प्रकार असतो.

पायरी २ : दर समजून घ्या

२०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन केलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे (दस्तऐवज प्रकारचे) नवे दर लागू झाले. ते असे आहेत. यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो.

५० ग्रॅमपर्यंत: स्थानिक १९ रुपये, बाहेरगावी देशात कुठेही ४७ रुपये.

५१ ते २५० ग्रॅम: स्थानिक २४ रुपये, २०० किमीपर्यंत ५९, २०१ ते ५०० किमी ६३, ५०१ ते १००० किमी ६८, १००१ ते २००० किमी ७२, त्यापुढे ७७ रुपये.

२५१ ते ५०० ग्रॅम: स्थानिक २८ रुपये, २०० किमीपर्यंत ७०, २०१ ते ५०० किमी ७५, ५०१ ते १००० किमी ८२, १००१ ते २००० किमी ८६, त्यापुढे ९३ रुपये.

मुलांना हा तक्ता देऊन विचारा, "यातली सर्वांत गंमतशीर ओळ कोणती?" उत्तर आहे पहिली. ५० ग्रॅमच्या आतलं पाकीट रिसोडहून अकोल्याला जावो की कोलकात्याला, दर एकच, ४७ रुपये. तिथे अंतराची भीतीच नाही. म्हणजे तिकिटं, लेबलं, पोस्टकार्डं असल्या हलक्या वस्तू विकणाऱ्या आपल्या मुलाला मुंबईतल्या मुलाइतकीच संधी आहे. त्याने फक्त ५० ग्रॅमची रेषा सांभाळायची.

ती रेषा ओलांडली तर काय होतं? पुण्याला जाणारं पाकीट ५४ ग्रॅम भरलं असं समजा. आता दर ४७ ऐवजी ६३. जीएसटी धरून ५५.४६ रुपयांचे ७४.३४ रुपये झाले. चार ग्रॅमसाठी १८.८८ रुपये! ते चार ग्रॅम बहुधा जाड पुठ्ठ्याचे किंवा चिकटपट्टीच्या तीन-तीन वेढ्यांचे असतात. तसंच २६२ ग्रॅमचं पाकीट २५० च्या आत आणलं, तर पुण्यासाठी ८८.५० ऐवजी ७४.३४ रुपये लागतील.

आणखी तीन गोष्टी:

१. नव्या दरांसोबत विद्यार्थ्यांसाठी स्पीड पोस्टच्या दरात १० टक्के सवलत जाहीर झाली आहे. ४७ रुपयांवर ४.७० सूट, राहिले ४२.३०, त्यावर जीएसटी ७.६१, एकूण ४९.९१ रुपये. सवलतीसाठी कोणतं ओळखपत्र लागतं ते खिडकीवर विचारून घ्या. आठवीच्या गणितातल्या 'सूट व कमिशन' या पाठाला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडायचं नाही.

२. वस्तू खुद्द घेणाऱ्याच्याच हाती पडावी असं वाटत असेल तर नोंदणीची (रजिस्ट्रेशनची) सोय ५ रुपये अधिक जीएसटी देऊन घेता येते. ओटीपी सांगितल्यावरच पाकीट द्यावं, ही सोयही तेवढ्याच पैशात मिळते.

३. हे दर कागदी दस्तऐवजाच्या प्रकाराचे आहेत. खेळण्यातली गाडी, खोकं असं काही असेल तर ते पार्सलमध्ये जातं आणि त्याचे दर वेगळे. आपली वस्तू कशात बसते ते बोली लावण्याआधीच विचारा.

साधं पत्र हा सर्वांत स्वस्त मार्ग, २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये. पण त्याची पावती नाही आणि पाकीट कुठे पोचलं तेही कळत नाही. दहा-वीस रुपयांच्या वस्तूसाठी घेणारा "चालेल, साध्या पोस्टाने पाठवा" असं स्वतः म्हणाला, तरच हा मार्ग धरावा. आणि त्याचं ते म्हणणं लेखी मेसेजमध्ये असावं.

पायरी ३ : पोस्टेजची शेकडेवारी काढा

वस्तू ४० रुपयांची, पोस्टेज ५५.४६ रुपये. पोस्टेज किमतीच्या किती टक्के?

५५.४६ ÷ ४० × १०० = साधारण १३९ टक्के.

घेणारा शहाणा असेल तर हा व्यवहार करणारच नाही. आता हेच बघा. त्याच माणसाने ४०-४० रुपयांची पाच तिकिटं घेतली. पाच तिकिटांनी वजन किती वाढलं? फार तर पाच-सहा ग्रॅम. पाकीट अजूनही ५० ग्रॅमच्या आतच आहे. आता वस्तूंची किंमत २०० रुपये आणि पोस्टेज तेच ५५.४६.

५५.४६ ÷ २०० × १०० = साधारण २८ टक्के.

पाच वेगळी पाकिटं पाठवली असती तर २७७.३० रुपये लागले असते. एकत्र पाठवून २२१.८४ रुपये वाचले. म्हणून जुने विक्रेते लिलावात लिहितात, "आठवडाभरात घेतलेल्या सगळ्या वस्तू एकत्र पाठवू, पोस्टेज एकदाच." किंवा सुटं तिकीट न विकता विषयवार संच करतात, पक्ष्यांचा संच, रेल्वेचा संच. मुलांनीही तसंच करावं. संच लावताना वर्गीकरण आपोआप शिकलं जातं, हा वरचा फायदा.

पायरी ४ : पॅकिंग हलकं, पण कमकुवत नको

स्वस्तात पाठवायचं म्हणजे कसंतरी कोंबायचं, असं नाही. वस्तू मोडली किंवा भिजली तर पैसे परत द्यावे लागतात. मग वाचवलेले दहा रुपये पन्नासला पडतात. घरच्या घरी काय करता येईल?

• तिकिटं आणि लेबलं बटर पेपरच्या घडीत ठेवा. त्यांना गोंद किंवा चिकटपट्टी कधीही लावू नका, आणि स्टेपलरची पिन तर मुळीच नको.

• कडकपणासाठी जुन्या लग्नपत्रिकांचा कागद वापरा. लग्नसराई झाली की प्रत्येक घरात गठ्ठा असतो. तो हलका असतो आणि चांगला ताठही राहतो. दोन तुकड्यांच्या मध्ये वस्तू ठेवायची. तुकडे वस्तूपेक्षा चारही बाजूंनी बोटभर मोठे हवेत, म्हणजे कोपरे दुमडत नाहीत.

• पावसाळ्यात आत एक पातळ प्लास्टिकची पिशवी हवीच. तिचं वजन नगण्य, पण काम मोठं.

• खेळण्यातली गाडी असेल तर चाकांखाली आणि छताखाली वर्तमानपत्राच्या घट्ट गोळ्या भरा. खोकं बंद केल्यावर हलवून बघा. आवाज आला तर पुन्हा भरा.

पाकीट बंद करण्याआधी वस्तूचा आणि पॅकिंगचा फोटो काढून ठेवावा. उद्या काही वाद झालाच तर कामी येतो.

पायरी ५ : हवेचे पैसे देऊ नका

मोठ्या वस्तूंच्या बाबतीत अनेक कुरिअर कंपन्या दोन वजनं धरतात. एक काट्यावरचं, दुसरं आकारमानाचं. त्यातलं जे जास्त, त्याचे पैसे. आकारमानाचं वजन काढायचं सर्रास वापरलं जाणारं सूत्र असं:

लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटरमध्ये) ÷ ५००० = किलोग्रॅम

खेळण्यातला ट्रॅक्टर ६०० ग्रॅमचा आहे आणि आपण तो बुटाच्या मोठ्या खोक्यात घातला, असं समजा. खोकं ३० × २० × १५.

९००० ÷ ५००० = १.८ किलो. म्हणजे ६०० ग्रॅमच्या वस्तूला १.८ किलोचे पैसे.

आता खोकं कापून २२ × १५ × १० चं केलं.

३३०० ÷ ५००० = ०.६६ किलो.

ट्रॅक्टर तोच, पोचण्याचं ठिकाण तेच. कमी झाली ती फक्त खोक्यातली हवा. 'घनफळ' शिकवताना वर्गात दोन खोकी नेऊन हा प्रयोग करून बघा. "सर, घनफळ कशाला शिकायचं?" हा प्रश्न त्या दिवसापुरता तरी कुणी विचारणार नाही.

पायरी ६ : पत्ता नीट लिहा

चुकीच्या पत्त्यामुळे परत आलेलं पाकीट सर्वांत महाग पडतं, कारण तेच पोस्टेज दुसऱ्यांदा द्यावं लागतं. नाव, घर किंवा गल्ली, जवळची खूण, मु. पो., ता., जि., राज्य, पिनकोड आणि मोबाईल नंबर, हे सगळं स्वच्छ अक्षरात हवं. पाठवणाऱ्याचा पत्ताही हवाच.

पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तो ज्यांनी रचला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी. टपाल सेवेतले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १९७३ मध्ये दिल्लीत भरलेल्या जागतिक टपाल तिकीट प्रदर्शनाचे ते अध्यक्षही होते. छंदाचा आणि पिनकोडचा असा जवळचा संबंध आहे.

आपला पिनकोड ४४४५०६. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग. ४४४ हे पहिले तीन अंक वाशीम (४४४५०५), अकोला (४४४००१), अमरावती (४४४६०१) यांनाही आहेत. शेवटचे तीन अंक नेमकं टपाल कार्यालय सांगतात. गावाचं नाव कुणी इंग्रजीत कसंही लिहिलं, तरी पिनकोड बरोबर असला की पाकीट वाट चुकत नाही.

पालकांनी इकडे लक्ष द्यावं

१८ वर्षांखालील मुलाला कायद्याने करार करता येत नाही. विक्री हाही करारच आहे. म्हणून खातं, मोबाईल नंबर आणि पैशांचा व्यवहार आई-वडिलांच्याच नावाने हवा. मुलाने वजन करावं, गणित करावं, पॅकिंग करावं. पैसे मोठ्यांनी बघावेत.

पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. "पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका" असं कुणी म्हणालं की तिथेच फोन ठेवा.

"ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट द्या, लाखो रुपये घ्या" अशा जाहिराती मुलं बघतात आणि मोहात पडतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून शुल्क, कमिशन मागणाऱ्या भामट्यांबद्दल खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. आपण अशा व्यवहारात नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असं बँकेने स्पष्ट सांगितलं. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा खरेदीदार खरा नसतो, एवढं सूत्र पुरे.

नाण्यांबद्दल आणखी थोडं. १०० वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतात आणि ती परस्पर परदेशात पाठवता येत नाहीत. शेतात नांगरताना जुनी नाणी सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ती लिलावात टाकायची वस्तू नव्हे. चालू नोटा, नाणी, सोनं-चांदी टपालाने पाठवायला वेगळे नियम आणि विम्याच्या अटी असतात. खिडकीवर विचारल्याशिवाय पाकिटात घालू नका.

खरेपणाचं गणित

काही विक्रेते वस्तूची किंमत कमी ठेवतात आणि पोस्टेज दुप्पट लावतात. ५५ रुपये लागले तिथे १२० घेतात. मुलांशी यावर जरूर बोला. पाकिटाचे, बटर पेपरचे पाच रुपये लावायला हरकत नाही, पण ते आधी सांगून लावावेत. पोस्टाची पावती घेणाऱ्याला फोटो काढून पाठवावी. तिच्यावरच्या क्रमांकाने त्याला पाकीट कुठवर आलं ते बघता येतं, आणि खरं पोस्टेज किती लागलं तेही दिसतं. अनोळखी गावातला अनोळखी माणूस आपल्यावर विश्वास ठेवून आधी पैसे देतो. तो विश्वास रिसोडच्या एका मुलाने राखला, तर पुढच्या वेळी तोच माणूस पुन्हा बोली लावतो.

वर्गात करून पाहा

१. एक पाकीट ४६ ग्रॅमचं आहे. त्यात प्रत्येकी दीड ग्रॅमची किती लेबलं आणखी घातली तर ते ५० ग्रॅमच्या आत राहील?

२. नागपूरला (२०१ ते ५०० किमी) २४० ग्रॅमचं पाकीट पाठवायचं आहे. जीएसटीसह खर्च काढा. विद्यार्थी सवलत मिळाली तर किती?

३. ४० × २५ × १० सेंमी खोक्याचं आकारमानाचं वजन काढा. उंची निम्मी केली तर ते किती होईल?

४. घरातल्या एका वस्तूसाठी लिलावाचा मजकूर पाच ओळींत लिहा. वस्तूची खरी अवस्था (फाटलं असेल तर 'फाटलं आहे'), सुरुवातीची किंमत आणि पोस्टेजचा नक्की आकडा त्यात हवा.

उत्तरं: १) २ लेबलं. २) ७४.३४ रुपये, सवलतीसह ६६.९१ रुपये. ३) २ किलो, १ किलो.

जाता जाता एक उपयोगाची माहिती. तिकीट संग्रहाची आवड असणाऱ्या सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी टपाल खात्याची 'दीनदयाळ स्पर्श योजना' आहे. २०१७ मध्ये ती सुरू झाली आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला वर्षाला ६००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. त्यासाठी शाळेत फिलाटेली क्लब असावा किंवा विद्यार्थ्याचं स्वतःचं फिलाटेली ठेव खातं असावं. २०० रुपयांत ते खातं उघडता येतं. आपल्या शाळेत क्लब सुरू करायला चार-पाच आवड असणारी मुलं आणि एक शिक्षक पुरेसे आहेत.

या शनिवारी मुलांना टपाल कार्यालयात घेऊन जा. एक खरं पाकीट वजन करून, पत्ता लिहून, पावती घेऊन पाठवू द्या. ते पोचल्याचा मेसेज येईल तेव्हा मुलाचा चेहरा बघा. तो बघून तुम्हालाही पुढचं पाकीट बांधावंसं वाटेल.